मैदान कुणाचं? शिवाजी पार्कची गोष्ट आणि आपलं गायरान

  या कार्यक्रमात आपण कर्जाचं बोललो, व्याजाचं बोललो, शेळ्यांच्या लसीचं बोललो. आज एका मैदानाचं बोलू. मैदान मुंबईचं आहे, दादरचं. नाव शिवाजी पार्क.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या मैदानाचं आम्हाला काय? पण आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात किती बाया रेल्वेने दादरला जातात, ते आठवा. देवगिरी, नंदीग्राम, मिळेल त्या गाडीने, भाकरीचं गाठोडं आणि लेकरू कडेवर घेऊन. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना वंदन करायचं आणि रात्र काढायची ती याच मैदानात. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणी या मैदानावर झोपलेल्या आहेत. ज्या जमिनीवर आपण पाठ टेकली, ती कुणाची, कशी राहिली, कुणी राखली, हे माहीत असायला पाहिजे.

रोगातून निघालेली मोकळी जागा

गोष्ट सुरू होते प्लेगपासून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातल्या दाट वस्तीत तो पहिल्यांदा दिसला आणि शहरभर पसरला. अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारं, एका खोलीत दोन-दोन कुटुंबं. माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, हजारो लोक गाव गाठायला पळाले. तेव्हा सरकारला कळलं की शहराला श्वास घ्यायला जागा लागते. १८९८ साली मुंबई सुधारणा ट्रस्ट निघाला. रुंद रस्ते काढायचे, हवा खेळेल अशी घरं बांधायची आणि शहर उत्तरेकडे, दादर-माटुंग्याकडे वाढवायचं, असं त्याचं काम. तो भाग तेव्हा नारळी, ताड आणि शेतांचा होता.

या नव्या वस्तीत समुद्राजवळ एक मोठी जागा मोकळी ठेवली गेली. १९२५ साली मुंबई महापालिकेने ती लोकांसाठी खुली केली. नाव होतं माहीम पार्क. जागा जवळपास २८ एकर. आपल्याकडे २८ एकर म्हणजे चांगल्या मोठ्या शेतकऱ्याचं वावर. मुंबईत वीतभर जागेला लाखोंचा भाव, आणि तिथे एवढं वावर शंभर वर्षं बांधकामाविना राहिलं. हे आपोआप होत नाही. दर पिढीत कुणीतरी ते राखावं लागतं.

नाव देणारी बाई

१९२७ साली या मैदानाचं नाव बदललं. माहीम पार्कचं शिवाजी पार्क झालं. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा तीनशे वर्षं झाली असं मानलं जात होतं. नाव बदलायचा आग्रह धरला एका नगरसेविकेने. त्यांचं नाव अवंतिकाबाई गोखले.

मैत्रिणींनो, आजही कितीतरी मुंबईकरांना हे ठाऊक नाही. म्हणून या बाईंबद्दल थोडं सांगतो.

अवंतिकाबाई १८८२ साली इंदूरला जन्मल्या. लहानपणीच लग्न झालं, शिक्षण लग्नानंतर घरीच. पुढे त्यांनी परिचारिकेचं शिक्षण घेतलं, म्हणजे आजच्या भाषेत नर्सिंग. १९१७ साली गांधीजींनी बिहारमध्ये चंपारणला निळीच्या शेतकऱ्यांचं काम हाती घेतलं, तेव्हा अवंतिकाबाई आणि त्यांचे यजमान तिकडे गेले. मुंबईची मराठी बाई, तिकडची भाषा नीट येत नाही, तरी खेड्यात राहून बायकांना आणि लेकरांना स्वच्छता शिकवली. आपल्या आशाताई आज जे करतात, तशातलंच हे काम. १९१८ साली त्यांनी गांधीजींचं मराठीत चरित्र लिहिलं, त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना होती. त्याच साली मुंबईत हिंद महिला समाज सुरू केला. पुढे मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात तुरुंगातही गेल्या.

१९२३ साली मुंबई महापालिकेत पहिल्यांदा बाया निवडून आल्या. सरोजिनी नायडू त्यांत होत्या आणि अवंतिकाबाईही होत्या. सगळ्या सभागृहात बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तरी एवढ्या मोठ्या मैदानाला नाव मिळालं ते एका बाईच्या पुढाकाराने.

आपल्याकडे २०११ पासून ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा बायांच्या आहेत. तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या, आज अर्ध्या. मग गावातल्या मोकळ्या जागेचा विषय आपल्यापैकी किती जणी पंचायतीत मांडतात? या प्रश्नाकडे शेवटी परत येऊ.

त्याच वर्षी महाडला

ज्या १९२७ साली दादरच्या मैदानाचं बारसं झालं, त्याच साली २० मार्चला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्याले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या की 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ कळतो.

१९२३ साली मुंबईच्या कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या लोकांना खुल्या असल्या पाहिजेत, असा तो ठराव. पुढच्या साली महाड नगरपालिकेनेही तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. कागद झाला. पण तळ्यावर जायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण गावाचा धाक कागदापेक्षा मोठा होता. तीन वर्षांनी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कुठे ओंजळ पाण्याला लागली. त्यावरही मारहाण झाली, कोर्टकचेरी झाली. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

ठराव ते निकाल, चौदा वर्षं. एखादी जागा सगळ्यांची आहे असं कागदावर लिहिलेलं असतं, पण सगळे तिथे जाऊन बसेपर्यंत ती सगळ्यांची होत नाही.

म्हणून आपल्या राज्यघटनेत कलम १५ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा जनतेसाठी ठेवलेल्या जागा वापरायला धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही. मैत्रिणींनो, त्या यादीत जात आहे तसं लिंगही आहे. पार, चावडी, मैदान, बाग, यातल्या कुठल्याच ठिकाणी बाई म्हणून आपल्याला कुणी अडवू शकत नाही.

आपल्याकडे तेव्हा काय होतं

मुंबईत लोक मैदानात सभा घेत होते तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे 'गश्ती निशाण ५३' नावाचा हुकूम होता. परवानगीशिवाय सभा भरवायला बंदी. चार माणसं जमली की सरकारला संशय. अशा दिवसांत १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं ते आपल्या परतूरला. गोविंदराव नानल अध्यक्ष होते. परतूरकर मैत्रिणींनो, हे लेकरांना जरूर सांगा. जमायचीच बंदी असलेल्या राज्यात उघडपणे जमणं, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. आज आपला गट दर आठवड्याला बिनदिक्कत बसतो, त्यामागे असं जमू पाहणारे लोक आहेत.

एका मैदानाचे किती उपयोग

आता परत दादरला जाऊ. या मैदानाला कडेने बसका दगडी कठडा आहे. लोक त्याला कट्टा म्हणतात. पुऱ्या मैदानाला फेरी मारली तर सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. पहाटे चालणारे येतात. मग क्रिकेटची पोरं. रमाकांत आचरेकर सरांनी याच मैदानावर पोरं घडवली, सचिन तेंडुलकर त्यांच्यातलाच. एका बाजूला समर्थ व्यायाम मंदिर आहे, तिथे मुली दोरीच्या मल्लखांबावर चढतात. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलींनीही तिथे मल्लखांब शिकला आहे. गणपतीचं देऊळ आहे, म्हाताऱ्या माणसांसाठी नाना-नानी पार्क आहे, लेकरांना खेळायला जागा आहे. पश्चिमेच्या कडेला शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, १९६६ साली लोकवर्गणीतून उभा राहिलेला. त्या पुतळ्यात महाराजांनी तलवार उगारलेली नाही, हात पुढे केलेला आहे.

संध्याकाळी कट्ट्यावर बाया बसतात. कामावरून सुटलेल्या, भाजीची पिशवी शेजारी ठेवलेल्या, मैत्रिणीशी बोलणाऱ्या. काही जणी नुसत्या बसतात, काहीच न करता. आम्ही सहयोगिनी एकदा प्रशिक्षणाला मुंबईला गेलो होतो, तेव्हा त्या कट्ट्यावर अर्धा तास बसलो. आमच्यातली एक जण म्हणाली, "इथं कुणी विचारीनाच, का बसल्यात म्हणून." आम्ही हसलो, पण ते वाक्य आमच्या मनातून गेलं नाही.

कारण आपल्या गावात बाई बाहेर दिसली की तिच्या हातात काहीतरी पाहिजे. घागर, विळा, दळणाचा डबा, लेकरू, नाहीतर गटाचं रजिस्टर. रिकाम्या हाताने बाई पारावर बसली तर गाव विचारतं, काय झालं? मुंबईतल्या तीन बायांनी, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी, या विषयाचा अभ्यास करून २०११ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांना मुंबईसारख्या शहरातही हेच दिसलं. बाईला बाहेर असायला कारण लागतं, पुरुषाला लागत नाही. त्यांचं म्हणणं असं की, बाईला विनाकारण बाहेर बसता आलं पाहिजे, तोही तिचा हक्क आहे. आपल्याला हे ऐकायला जरा वेगळं वाटेल. पण विचार करून बघा, खोटं आहे का?

सभा, शपथा आणि शेवटचा निरोप

हे मैदान नुसतं खेळाचं राहिलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात इथे आचार्य अत्र्यांसारख्यांच्या सभांना माणसांचा समुद्र जमायचा. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून शंभरावर माणसांनी जीव दिला. १ मे १९६० ला राज्य झालं. तेव्हापासून महाराष्ट्र दिनाचं संचलन बहुतेक वेळा इथेच होत आलं आहे. याच तारखेला, १ मे १९८१ ला, आपला जालना जिल्हाही झाला, हे लक्षात ठेवा.

३० ऑक्टोबर १९६६ ला शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा इथे झाला. १९९५ साली आणि पुन्हा २०१९ साली मुख्यमंत्र्यांनी इथे जनतेसमोर शपथ घेतली. २०२२ साली दसऱ्याच्या एका दिवसासाठी दोन्ही गटांनी परवानगी मागितली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्याच साली फेब्रुवारीत लतादीदींना निरोप दिला तोही याच मैदानात.

आणि ६ डिसेंबर. १९५६ साली बाबासाहेब दिल्लीला गेले आणि दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, दादर चौपाटीवर त्यांना अग्नी दिला. तिथे स्तूप उभा राहिला. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांच्या सूनबाई मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चैत्यभूमीची जागा लहान आणि येणारी माणसं लाखोंनी. एवढी माणसं थांबणार कुठे? शेजारचं मैदान मोकळं होतं म्हणून सोय झाली. महापालिका तिथे मंडप घालते, पाण्याचे नळ जोडते, फिरती शौचालयं उभी करते, दवाखाना लावते. मैदानात पुस्तकांचे स्टॉल लागतात. गावाकडच्या बाया सावित्रीबाईंचा फोटो, संविधानाची प्रत, लेकरासाठी गोष्टीचं पुस्तक विकत घेऊन जातात. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत भिंतीवर जो फोटो आहे, तो या मैदानावरून आलेला आहे.

इथे कट्टा, क्रिकेट आणि चैत्यभूमीला आलेला समाज, तिघांचा हक्क सारखा आहे. क्रिकेट खेळणाऱ्या पोराला त्या दोन-तीन दिवसांत पीच मिळत नाही. राहणाऱ्यांना गर्दीचा त्रास होतो. तरी मैदान सगळ्यांचं, म्हणून प्रत्येकाला आपला दिवस मिळतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या दिवशी थोडं सरकून बसावं लागतं.

भांडणंही झाली

सगळं गोडीगुलाबीत झालं असं समजू नका. मैदानाच्या भोवती शाळा आहेत, वस्ती आहे. भोंग्यांच्या आवाजाला कंटाळून रहिवासी कोर्टात गेले. २०१० साली उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला. मग सभा, संचलनं, ६ डिसेंबर यांचं काय करायचं? सरकारने खेळाशिवायच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले ४५ दिवस ठरवून दिले. बाकीचे दिवस खेळाचे आणि चालणाऱ्यांचे.

दुसरं भांडण धुळीचं. मैदानात लाल माती टाकली, ती उन्हाळ्यात उडून घराघरांत जायला लागली. रहिवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. महापालिकेने पावसाचं पाणी मैदानातच मुरवायची व्यवस्था केली आणि त्या पाण्याने माती भिजवायचा प्रयत्न केला. तक्रार संपलेली नाही, पण कुणी गप्पही बसलेलं नाही.

आम्हाला यातून एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. ज्या जागेसाठी लोक भांडतात, अर्ज करतात, कोर्टात जातात, ती जागा टिकते. ज्या जागेबद्दल कुणीच बोलत नाही, ती एक दिवस गुपचूप कुणाच्या तरी कुंपणात जाते.

आता आपल्या गावाकडे

जालना शहरात मोती बाग आहे, मोती तलाव आहे. तालुक्याला गेलो तर लेकरांना घेऊन दोन घटका बसायला जागा आहे. पण आपल्या गावात काय आहे? बहुतेक गावांत गायरान आहे, बाजारतळ आहे, शाळेचं मैदान आहे, पार आहे, गावठाणातली थोडी मोकळी जागा आहे. त्यातलं गायरान वर्षागणिक आकसत चाललं आहे. आधी एक कडबा रचतो, मग पत्रे येतात, मग तार येते. ज्या बाईची एकच शेळी आहे तिला चारायला जागा उरत नाही. शेळीसाठी कर्ज आपणच गटातून दिलेलं असतं, पण शेळीला चारा कुठून येणार हे आपण बघत नाही. गायरान गेलं की गटाचा हप्ताही अडतो. हा सरळ हिशेब आहे.

यात एक गोष्ट जपून बोलायला हवी. गायरानावर भूमिहीन कुटुंबंही वर्षानुवर्षं कसून पोट भरत आली आहेत. त्यांचा प्रश्न वेगळा आणि ज्याचं आधीच मोठं वावर आहे त्याने तार पुढे सरकवणं वेगळं. दोघांना एकाच मापाने मोजू नका.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या प्रकरणात सांगितलं की, गावाच्या सामाईक जमिनी गावाच्याच आहेत, त्यांवरची बेकायदा अतिक्रमणं काढण्यासाठी राज्यांनी योजना करावी. भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना रीतसर दिलेल्या जागा आणि शाळा-दवाखान्यासारखी लोकोपयोगी कामं यांचा वेगळा विचार करायलाही त्याच निकालात वाव ठेवला आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं या विषयाला द्या. तीन प्रश्न विचारा.

पहिला, आपल्या गावात सगळ्यांच्या मालकीच्या जागा कोणत्या? वहीच्या मागच्या पानावर यादी करा. गायरान, मैदान, पार, विहीर, स्मशानभूमी. तलाठ्याकडून त्या गट नंबरांचा सातबारा काढा. आता तो मोबाईलवरही दिसतो, गावातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, ती काढून देईल. कागदावर किती आणि जाग्यावर किती, ते चालून बघा.

दुसरा, त्या जागा कोण वापरतं? बाया कधी बसतात? पोरी कधी खेळतात? एखाद्या वस्तीतल्या लोकांना तिथे यायला संकोच वाटतो का? खरं उत्तर लिहा, कुणाला दाखवायचं नाही.

तिसरा, आपण ग्रामसभेत काय मागणार? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हा नियम आहे. ती नुसती सह्यांची सभा होऊ देऊ नका. एक साधी मागणी लिहून द्या. पाराशेजारी बायांना बसायला ओटा, शाळेच्या मैदानात संध्याकाळी दिवा, गायरानाची मोजणी, जे आपल्या गावाला लागतं ते. मागणी इतिवृत्तात लिहिली गेली का, ते तिथेच बसून वाचून घ्या. कागद झाल्यावर चवदार तळ्याचं काय झालं, ते लक्षात ठेवा. कागदानंतर जाऊन बसावं लागतं.

म्हणून शेवटचं सांगणं. पुढची एक बैठक घराच्या ओसरीवर घेऊ नका. पाराखाली नाहीतर शाळेच्या मैदानात सतरंजी टाका आणि तिथे घ्या. गाव बघेल, दोन दिवस बोलेल, तिसऱ्या दिवशी सवय होईल. बैठक कशी झाली ते आम्हाला पत्राने नाहीतर फोनवर कळवा, या कार्यक्रमात आम्ही ते वाचून दाखवू.